बोर्ड (इंग्रजी नाम)

बोर्ड हे इंग्रजीतील एक जुने नाम. मूळ अर्थ लाकडाची लांब, चपटी फळी. शब्दकोशात मात्र या एका शब्दापुढे फळी, फळा, पट, पुठ्ठा, मंडळ, जेवण, जहाजाची बाजू असे अर्थ ओळीने येतात आणि शिकणारा गोंधळून जातो. फळीवरून शब्द जेवणाकडे आणि जेवणाच्या जागेवरून संचालकांकडे कसा सरकला, हे एकदा ध्यानात आले की पाठांतराचे ओझे बरेच हलके होते.

मराठी वाचकाला ही वाट तशी ओळखीची आहे. संस्कृत ‘फलक’ या शब्दापासून फळी आली, फळाही आला, आणि ‘फलक’ तर जसाच्या तसा वापरात राहिला. पुढे हीच फळी माणसांनाही लागू झाली: फलंदाजांची मधली फळी, दुसऱ्या फळीतील नेते. लाकडाच्या तुकड्याचे नाव माणसांच्या गटाला मिळणे ही काही इंग्रजीची खोड नव्हे.

प्राचीन इंग्रजीत ‘बोर्ड’चे दोन अर्थ आढळतात: फळी आणि कड, विशेषतः जहाजाची कड. हे दोन मुळात एकच शब्द होते की वेगळे शब्द पुढे एकमेकांत मिसळले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शिकणाऱ्याने मात्र ही दोन मुळे वेगळी धरावीत. त्याने अर्थ लावणे फार सोपे होते.

फळीचा अर्थ लाकडाच्या व्यापारात आजही जिवंत आहे. उत्तर अमेरिकेत कापीव लाकूड ‘बोर्ड फूट’ या एककात मोजतात: एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड, म्हणजे 144 घनइंच. नाव ‘फूट’ असले तरी हे माप लांबीचे नसून घनफळाचे आहे. इतरत्र लाकूड गळून पडले आणि चपटेपणा तेवढा उरला. ब्लॅकबोर्ड, नोटिस बोर्ड, 64 घरांचा चेसबोर्ड, सर्फबोर्ड, सर्किट बोर्ड, मदरबोर्ड ही सगळी याच घरची भावंडे. कार्डबोर्ड म्हणजे जाड पुठ्ठा. तिथे ‘बोर्ड’ हे वस्तूचे नव्हे, पदार्थाचे नाव असल्याने त्याला सहसा अनेकवचन लावत नाहीत.

खरी गंमत टेबलापासून सुरू होते. मध्ययुगीन युरोपात जेवणाचे टेबल बहुधा कायमचे मांडलेले नसे. लाकडी घोड्यांवर, म्हणजे उचलून ठेवता येणाऱ्या आधारांवर, फळ्या टाकायच्या, जेवण उरकले की उचलून भिंतीला लावायच्या. त्यामुळे टेबलालाच ‘बोर्ड’ म्हणू लागले आणि मग टेबलावर मिळणाऱ्या जेवणालाही. आपण ‘पाटपाणी झाले का’ विचारतो तेव्हा पाटाची चौकशी करत नसतो, तसेच हे. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ म्हणजे राहण्याजेवण्याची सोय. हॉटेलात ‘फुल बोर्ड’ म्हटले की खोलीच्या भाड्यात तिन्ही वेळचे खाणे धरलेले असते, ‘हाफ बोर्ड’मध्ये न्याहारी आणि एक मुख्य जेवण. या अर्थाने ‘बोर्ड’ अगणनीय आहे. त्याआधी ‘अ’ लागत नाही, शेवटी ‘एस’ लागत नाही.

त्याच टेबलाभोवती सल्लामसलतीला माणसे बसू लागली. आधी मसलतीच्या टेबलाला आणि सतराव्या शतकात टेबलाभोवतीच्या माणसांना हे नाव मिळाले. ‘बोर्ड ऑफ डायरेक्टर्स’, परीक्षा मंडळ, नियामक मंडळ हे सगळे इथून आले. मंडळ या अर्थाने शब्द समूहवाचक आहे: अमेरिकी इंग्रजीत ‘द बोर्ड हॅज डिसाइडेड’ असेच बहुधा म्हणतात, ब्रिटिश इंग्रजीत ‘द बोर्ड हॅव्ह डिसाइडेड’ही चालते. प्रामाणिक व्यवहाराला ‘अबव्ह बोर्ड’ म्हणतात, तेही टेबलावरूनच. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सर्वांना दिसतील असे असले म्हणजे लबाडीला जागा नाही.

आता दुसरे मूळ, जहाजाची कड. जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. त्यात ताऱ्याचा काही संबंध नाही. जुन्या नौकांचे सुकाणूचे वल्हे उजव्या अंगाला असे, म्हणून ती ‘सुकाणूची बाजू’. डाव्या बाजूला पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळी वाऱ्यात दोन्ही हाका सारख्याच ऐकू येत आणि चुकीच्या दिशेला सुकाणू फिरण्याची भीती असे. म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये ‘लारबोर्ड’ टाकून ‘पोर्ट’ हा शब्द पक्का केला. जहाजाच्या कडेपलीकडे पाण्यात पडणे म्हणजे ‘ओव्हरबोर्ड’, आणि कडेच्या आत असणे म्हणजे ‘ऑन बोर्ड’. पुढे आगगाडी आणि विमानानेही हेच शब्द उचलले.

मराठीत रुळलेल्या ‘बोर्डिंग’मध्ये ही दोन्ही मुळे शेजारी येऊन बसली आहेत. मुले राहतात ते बोर्डिंग जेवणाच्या टेबलावरून आलेले. विमानतळावर जाहीर होते ते बोर्डिंग जहाजाच्या कडेवरून. उच्चार एक, वाट निराळी.

शिकणाऱ्याची सर्वाधिक चूक होते ती ‘द’ या छोट्या शब्दापाशी. ‘शी इज ऑन द बोर्ड’ म्हणजे ती मंडळाची सदस्य आहे. ‘शी इज ऑन बोर्ड’ म्हणजे ती जहाजात किंवा विमानात आहे, अथवा ठरलेल्या बेताला तिची संमती आहे. ‘द आन्सर इज ऑन द बोर्ड’ म्हणजे उत्तर फळ्यावर लिहिले आहे. एक ‘द’ गळला की सदस्य थेट प्रवासी होते. ‘ऑन बोर्ड’नंतर वाहनाचे नाव सरळ येते, ‘ऑन बोर्ड द शिप’. आजच्या इंग्रजीत मध्ये ‘ऑफ’ घालत नाहीत.

‘अक्रॉस द बोर्ड’, म्हणजे सरसकट, हा प्रयोग अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतीतला आहे. एकाच घोड्यावर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकासाठी सारखी रक्कम लावली की ती पैज ‘अक्रॉस द बोर्ड’ होई.

उच्चारात ‘बोर्ड’ आणि कंटाळलेला या अर्थाचा ‘बोअर्ड’ इंग्रजीत अगदी एकसारखे आहेत. संदर्भानेच ओळखावे लागते. रुंद या अर्थाच्या ‘ब्रॉड’मध्ये हीच पाच अक्षरे आहेत, फक्त ‘आर’ची जागा बदलते, आणि घाईत लिहिताना हात हमखास चुकतो. ‘कबर्ड’ हा शब्द मुळात ‘कप’ अधिक ‘बोर्ड’, म्हणजे पेले मांडण्याचे टेबल. कपाट तो नंतर झाला. लिहिताना त्यातला ‘पी’ राहिला आहे, बोलताना मात्र तो उच्चारायचा नाही.