रबर पिळतं, पॉलियुरेथेन घसरतं

भावाने गाडीच्या पुढच्या लोअर आर्मचे बुश बदलून घेतले. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा, चाकाबरोबर वरखाली होणारा दांडा; बुश म्हणजे त्याच्या सांध्यात बसणारा लवचीक तुकडा. झिजलेले रबराचे काढले आणि पिवळेधमक पॉलियुरेथेनचे बसवले. वळणावर गाडी आधीपेक्षा नेमकी वळू लागली, स्वारी खूश होती. दोन महिन्यांनी सोसायटीच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवरून गाडी हळू उतरली, की डाव्या चाकापाशी कुर्रर्र आवाज यायला लागला. गॅरेजवाल्याने सांगितलं, ग्रीस लावावं लागेल. तेव्हा भावाने मला विचारलं, "रबराच्या बुशला नव्वद हजार किलोमीटरमध्ये ग्रीसचं बोटही लागलं नव्हतं. मग याला का?"

फार चांगला प्रश्न आहे हा. वंगण कुठे लागतं, तर जिथे एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घासतो तिथे. आणि रबराच्या बुशमध्ये काहीच घासत नाही!

रबराचा बुश म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्यामध्ये रबर. तयार करतानाच रबर उष्णतेने पक्कं करून दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने सांगाड्याला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये प्रेसने ठोकून बसवलेली. चाक वरखाली झालं की आर्म काही अंश फिरतो आणि मधलं रबर पिळलं जातं. कणकेचा गोळा दोन तळहातांत धरून तळहात जरा उलटसुलट फिरवले, तर कणीक हाताला चिकटलेलीच राहते आणि आतल्या आत पिळवटते, अगदी तसं. कणीक तशीच राहते, रबर मात्र हात सोडला की मूळ आकारात येतं.

म्हणूनच रबराच्या बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळायचा असतो. जॅकवर चाक लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि गाडी नुसती उभी असली तरी पिळलेलंच राहतं. असा बुश लवकर फाटतो. घाईच्या गॅरेजमध्ये ही चूक सर्रास होते आणि दोष नव्या बुशवर जातो, याचं मला वाईट वाटतं.

त्याहून वाईट म्हणजे आवाज करणाऱ्या रबरावर इंजिन ऑइल सोडणं. घरी करून पाहा: कात्रीने रबरबँडचे दोन सारखे तुकडे कापा, एक वाटीत रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी तो फुगून लांब आणि लिबलिबीत झालेला असेल, ताणला तर चटकन तुटेल. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल रासायनिकदृष्ट्या एकाच जातकुळीतले. त्यामुळे तेल रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून दूर ढकलतं. इंजिन ऑइल हेच काम सावकाश करतं.

पॉलियुरेथेनचा बुश वेगळ्या तत्त्वावर चालतो. 1937 साली जर्मनीत ओटो बायर यांच्या चमूने शोधलेलं हे रसायन. त्याच्या साखळीत मऊ आणि कडक तुकडे आलटूनपालटून येतात, म्हणून ते लवचीक असूनही रबरापेक्षा टणक करता येतं. बुश करताना ते बहुधा धातूला चिकटवत नाहीत. रिळासारखे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंनी आर्ममध्ये घालतात आणि मधून स्टीलची नळी सरकवतात. बोल्ट त्या नळीला आवळतो, नळी स्थिर राहते आणि पॉलियुरेथेन तिच्यावर फिरतं. म्हणजे इथे खरंखुरं घर्षण आहे, बैलगाडीच्या आखावर चाक फिरतं तसं. आखाला वंगण लागतं, मग याला का नको?

कोरडं असेल तर काय होतं? थांबलेल्या वस्तूला हलवायला जास्त जोर लागतो, हलत्या वस्तूला हलती ठेवायला कमी. आर्म फिरू पाहतो, बुश नळीला धरून ठेवतो, ताण साचतो, मग बुश एकदम निसटतो आणि पुन्हा अडकतो. सेकंदाला शेकडो वेळा असं अडकणं-निसटणं झालं की आपल्याला कुरकुर ऐकू येते. सारंगीचा गज तारेवर याच रीतीने सूर काढतो. तिथे ती पकड वाढावी म्हणून गजाला मुद्दाम राळ लावतात. ग्रीसचं काम राळेच्या बरोबर उलट.

इथे सिलिकॉन ग्रीस वापरतात. पॉलियुरेथेनला खनिज तेलाचं रबराइतकं वावडं नाही, पण साधं ग्रीस पाण्याच्या माऱ्याने लवकर निघून जातं आणि शेजारच्या रबरी भागांवर पसरलं तर त्यांना खातं. सिलिकॉन ग्रीस मधासारखं चिकटून राहतं, पाण्याला दाद देत नाही आणि थंडी-उन्हात त्याचा घट्टपणा फारसा बदलत नाही. मात्र लोखंडावर लोखंड घासतं तिथे ते कमी पडतं, चाकाच्या बेअरिंगला ते लावू नये.

पाण्याने आणखी एक चकवा बसतो. भर पावसात बुशची कुरकुर थांबते, कारण पाण्याचा थरही तात्पुरतं वंगण होतो. लोकांना वाटतं, आवाज आपोआप गेला. सुकल्यावर तो परत येतो.

भावाचा बुश आम्ही उघडला. आतल्या बाजूला ग्रीस धरून ठेवायला कोरलेल्या बारीक खाचा होत्या आणि त्यांत ग्रीस शाबूत होतं. कोरडी होती ती रिळाची कड, आर्मच्या बाहेर येऊन धातूच्या पट्टीला टेकणारी. तिथे घासून आरशासारखी चकाकी आली होती. बसवताना नळीला ग्रीस लावलं गेलं, कडा राहून गेल्या होत्या. पट्टीवरचा गंज पॉलिश पेपरने काढला, फडक्याने पुसलं, कडांना आणि नळीला सिलिकॉन ग्रीसचा सलग थर दिला. नळी बुशपेक्षा केसभर लांब आहे ना, तेही पाहिलं; आखूड असती तर बोल्ट आवळताच कडा चिमटल्या असत्या आणि कितीही ग्रीस वाया गेलं असतं.

फाटकातल्या स्पीडब्रेकरवर आता फक्त टायरचा आवाज येतो. मागचेही पॉलियुरेथेनचे करू का, असं भाऊ विचारत होता. मी नको म्हटलं. त्याच्या गाडीत मागच्या बुशना फिरण्याबरोबर थोडं तिरकंही व्हावं लागतं, आणि असं सगळ्या दिशांना नमतं घेणं चिकटवलेल्या रबरालाच छान जमतं.