मेटा कीवर्ड्स भरले म्हणजे साइट गूगलवर येते?

नवी वेबसाइट करून घेणाऱ्याला अजूनही सांगितलं जातं: पन्नास कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतील असे शब्द, काढून द्या, मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधल्या, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या नोंदीत) टाकतो, गूगलवर वर याल. हे खरं नाही. रँकिंगसाठी हा कीवर्डचा टॅग आपण वापरत नाही, असं गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलंय. त्यात कुणीही काहीही भरत असे, म्हणून त्याची किंमत गेली. तरी कोटेशनमध्ये त्याचे पैसे लावले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

तीच मेहनत साइट बांधतानाच दुसरीकडे घाला. प्रत्येक पानाला वेगळं, नेमकं शीर्षक द्या. ‘होम’ नको, ‘सांगलीतील हळद, घाऊक दर’ असं. पानांचे पत्ते (URL) आधीच ठरवा. नंतर बदललेच तर जुन्यावरून नव्यावर कायमचं रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर जाईल.

मराठी साइटवर एक गोष्ट फार नडते. मजकूर बॅनरच्या चित्रात असतो, किंवा जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी संगणकाची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये. वाचणाऱ्याला ‘हळद’ दिसते, पण पानाच्या कोडमध्ये तो शब्दच नसतो; जुना फाँट असेल तर तिथे असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. मग ‘हळद’ शोधणाऱ्याला ते पान सापडणार कसं? मजकूर युनिकोडमध्येच टाइप करून घ्या.

आणि साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर असेल, तर लाँचच्या दिवशी त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ उघडा. सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करू नका, म्हणजे शोधाच्या यादीत घेऊ नका, असं सांगणारी एक चौकट तिथे असते. काम चालू असताना तिच्यावर टिक करतात आणि ती तशीच राहून जाते. ती टिक काढा, मग सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या मोफत साधनात) साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या.