सूट की कॅशबॅक, जीएसटी कुठं कमी होते?

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या दुकानासाठी प्रिंटर पाहून राहिलो होतो. लहान भाऊ म्हणे दादा, दोन्ही साइटवर 5900 लाच आहे, एक जण 1180 ची सूट देऊन राहिला अन् दुसरा तेवढाच कॅशबॅक, मग काहून एवढा विचार करतोस? अरे फरक आहे, अन् तो सगळा जीएसटीत आहे.

सूट म्हणजे विकणाऱ्यानं किंमतच उतरवली अन् बिलात तसं लिहिलं. जीएसटी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे अशी सूट वजा करून जे उरते त्यावरच कर लागते. म्हणजे बिल 4720 चं, त्यात माल 4000 चा अन् 18 टक्क्यानं कर 720. बरेच जण 4720 चेच 18 टक्के काढतात अन् 849.60 धरून बसतात, ते चूक आहे, किमतीत कर आधीच मिसळलेला असते म्हणून 118 नं भागून 18 नं गुणा.

कॅशबॅकमधे बिल पुरं 5900 चंच फाटते. माल 5000, कर 900, अन् 1180 नंतर खात्यात येतात. पैसे भरताना कार्डावर लगेच जे कमी होतात ना, ते जर बँक आपल्या खिशातून देत असेल तर तेही कॅशबॅकसारखंच, बिल पुऱ्या किमतीचं.

घरच्यासाठी घेतलं तर दोन्हीकडं 4720 च जातात, डोकं लावू नका. पण दुकानाच्या जीएसटी नंबरावर बिल घेतलं की कराचं क्रेडिट मिळते, म्हणजे बिलातला कर दुकानानं भरायच्या जीएसटीतून वजा होते, मग सूटवाला प्रिंटर 4000 ला पडते अन् कॅशबॅकमधे 5900 तून 900 अन् 1180 गेले की 3820 लाच. आम्ही कॅशबॅकवाला घेतला. फक्त ते पैसे खरंच खात्यात आले पाहिजे, पुढच्या ऑर्डरवर वापरायचे पॉइंट मी पैशात मोजतच नाही.

कपडे-जोड्यांत मात्र गणित पार उलटते, अन् इथंच लोकांचं जास्त नुकसान होते. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 पर्यंतच्या जोड्यावर 5 टक्के, त्याच्या वर 18, अन् ही 2500 कर सोडून, सूट जाऊन उरलेली विक्रीची किंमत. समजा जोडा कराआधी 2600 चा आहे. 18 टक्के धरून 3068 झाले, 200 कॅशबॅक आला तरी 2868 गेलेच. तेच 200 बिलातच कमी झाले तर किंमत 2400, कर फक्त 120, अन् हातात जोडा 2520 ला. सारख्याच 200 रुपयांत 348 चा फरक! आईसाठी सॅंडल घेताना मी हेच पाहून कॅशबॅकवाली ऑफर सोडली.

बाकी बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा अन् राज्याचा वाटा) 9-9 दिसले की आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालावरचा एकच कर) 18, तर घाबरू नका. माल भिवंडीतून आला की बंगळुरूहून एवढाच तो फरक, रक्कम तेवढीच.