वाडा हलवणं वेगळं, वाड्याचं सामान वापरणं वेगळं

पुण्याच्या पेठांमधला एखादा वाडा पाडायला निघाला की गल्लीतले लोक हळहळतात. मग कुणीतरी समाधानानं सांगतं, "खांब आणि दरवाजा मात्र वाचवले हो, एका हॉटेलवाल्यानं नेले." राजा दिनकर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल पाहुण्यांना दाखवतानाही आपल्या तोंडी हेच असतं, की बघा, वाचवला. दोन्हीकडे जुनं लाकूड मूळ जागेवरून निघून नव्या जागी लागलं, म्हणून दोन्ही गोष्टी एकच वाटतात. प्रत्यक्षात हॉटेलात पोचलं ते सामान. संग्रहालयात सामानासोबत त्याची जुळणीही पोचली.

हा फरक कळायला वाडा उभा कसा राहतो ते बघावं लागतं. पेशवाई वाड्यात भार पेलतो तो सागवानी सांगाडा; विटांच्या भिंती बऱ्याच ठिकाणी त्याच्या मधल्या भरावाचं काम करतात. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारा लाकडी हात, हस्तावर तुळई, म्हणजे मुख्य आडवं लाकूड, तुळईवर कड्या, म्हणजे त्याहून बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या, आणि त्यावर मातीचा थर देऊन केलेली माडीची जमीन. सांधे बरेचसे कुसू आणि खाचेचे. एका लाकडाचं कुसू, म्हणजे कोरून पुढे काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत असं बसवलेलं, की वरचा भारच सांधा घट्ट धरून ठेवतो. सुरूच्या आकाराचा नक्षीदार खांब आपल्याला सुंदर दिसतो, पण त्याची जाडी, उंची आणि दोन खांबांमधलं अंतर ठरलं ते माथ्यावरच्या तुळईच्या हिशोबानं.

सांगाडा हलवायचा तर तो उभारला त्याच्या उलट क्रमानं उतरवावा लागतो. आधी कौलं आणि वासे, मग कडीपाट, मग तुळया, आणि सर्वांत शेवटी खांब. प्रत्येक लाकडावर खूण हवी, उतरवण्याआधीचे फोटो आणि मोजमापाचा नकाशा हवा. दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले, म्हणून आज तिथं खांबांच्या ओळींमधून चालता येतं, छताकडे मान वर करता येते, दालन केवढं असेल याचा अंदाज येतो. मूळ इमारत संपूर्ण आली नाही, कोथरूडची जागाही आली नाही. तरीही एका खांबाचं दुसऱ्याशी नातं काय होतं, ते तिथं डोळ्यांना दिसतं. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये दक्षिणेतली जुनी घरं अशीच उतरवून, त्या त्या भागातल्या कारागिरांकडून पुन्हा बांधून घेतली आहेत. हे काम महाग आणि वेळखाऊ आहे. आज पाडकामाचा ठेकेदार ज्या घाईत असतो, त्या घाईत ते होणार नाही.

सुट्या वापराची वाट बहुतेकदा जुन्या लाकडाच्या वखारीतून जाते. वाडा उतरला की चांगला सागवान तिथं येतो. काही लाकूड पुन्हा चिरून नव्या फर्निचरला जातं, नक्षीचे भाग वेगळे विकले जातात. पुढच्या वेळी एखाद्या रेस्टॉरंटात जुना खांब दिसला तर त्याच्या माथ्याजवळ पाहा. तुळई किंवा हस्त बसायची खाच रिकामी असेल, किंवा ती दिसू नये म्हणून खांब वरून कापलेला असेल. वर काँक्रीटचा स्लॅब आपल्या बळावर उभा असतो. खांबाला काहीच पेलायचं नसतं.

म्हणून सुटा वापर वाईट, असं मी म्हणणार नाही. वाड्याला दहा वारस, तुटपुंजं भाडं देणारे जुने भाडेकरू, गळकं छप्पर. अशा घरात राहणाऱ्यांना कुणी दोष देऊ नये. चिरून जळणात जाण्यापेक्षा तो सागवान दुसऱ्या घरात लागलेला शंभर पटीनं बरा. शिवाय सगळेच भाग सुटे झाल्यानं सारखे पोरके होत नाहीत. दोन खांबांमधली लाकडी महिरप बहुधा भार घेतच नाही, ती शोभेचीच असते. दरवाजा दुसऱ्या घरात दरवाजा म्हणूनच लागला, तर उघडण्या-मिटण्याचं त्याचं काम चालू राहतं. हस्त मात्र तुळईवाचून कळतच नाही. भिंतीवर टांगलेला हस्त पाहून तो कशासाठी होता हे नव्या माणसाला सांगावंच लागतं.

माझी तक्रार आहे ती फक्त नाव पुसण्याबद्दल. दरवाजा कुठल्या पेठेतला, कुठल्या वाड्याचा, कधी उतरवला, एवढं एका पितळी पट्टीवर कोरायला कितीसा खर्च येतो? ते नसेल तर नक्षी कुठल्या घडणीची हा प्रश्न पुढच्या अभ्यासकाला अंदाजावर सोडवावा लागतो. आणि दोन खांब लॉबीत लावून नव्या इमारतीच्या जाहिरातीत 'वारसा जपला' असं छापणं मला खोटं वाटतं. वारसा जपणं म्हणजे विश्रामबागवाड्यासारखं. बाजीराव रस्त्यावरचा त्याचा नक्षीदार लाकडी दर्शनी भाग आजही आपल्याच इमारतीला, आपल्याच रस्त्यावर आहे.

घरचा वाडा उतरणारच असेल, तर सौदा करण्याआधी एक दिवस मोजपट्टी आणि मोबाइल घेऊन फिरा. प्रत्येक खांबाचा वरचा आणि खालचा सांधा, हस्त, चौकटींची मापं टिपून घ्या. वास्तू महापालिकेच्या वारसा यादीत आहे का ते आधी तपासा. असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही. जुना तैलरंग घासताना तोंडावर चांगला मास्क हवा, त्यात शिसं असू शकतं. आणि आजोळचा दरवाजा न्यू जर्सीच्या घरात लावायचं मनात असेल तर १९७२चा पुरावशेष कायदा विसरू नका: १०० वर्षांहून जुनं कोरीव काम त्याच्या कक्षेत येऊ शकतं, आणि पुरावशेष ठरलेली वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तो दरवाजा इथेच कुणा नातेवाइकाच्या घरी बसवा, आणि चौकटीच्या आतल्या बाजूला वाड्याचं नाव कोरून घ्या.