लॅटिनो विद्यार्थी : महाविद्यालयपूर्व तयारी (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलामुलींनी शालेय शिक्षण पुरे करून महाविद्यालयापर्यंत पोचावे व तेथे टिकावे, यासाठी शाळा, विद्यापीठे, समाजसंस्था आणि शासन यांनी चालविलेले उपक्रम. वर्गातील अध्यापन, विषयनिवडीबाबत समुपदेशन, आर्थिक साहाय्याचे अर्ज भरण्यास मदत, पालकांसाठी वर्ग, उन्हाळी शिबिरे अशी त्यांची अनेक रूपे आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार या समाजाची लोकसंख्या सु. ६.२१ कोटी (१८.७ टक्के) होती. सार्वजनिक शाळांतील दर चार विद्यार्थ्यांमागे एकाहून अधिक विद्यार्थी या समाजातील आहेत.

संज्ञा : ‘हिस्पॅनिक’ हा शब्द संघशासनाच्या आकडेवारीत १९७७ च्या निर्देशाने रूढ झाला. ‘लॅटिनो’ हा पर्याय त्याच्या जोडीला १९९७ च्या सुधारणेने आला. दोन्ही शब्द कार्यालयीन सोयीचे आहेत. टेक्सासमध्ये सात पिढ्या राहिलेले मेक्सिकन-अमेरिकन, १९१७ पासून जन्माने अमेरिकी नागरिक असलेले प्वेर्तो रिकोचे लोक, क्यूबाचे निर्वासित आणि अलीकडे आलेले ग्वातेमाला-होंडुरासचे स्थलांतरित यांची शैक्षणिक स्थिती एकसारखी नाही. पुढील विवेचनात मेक्सिकन-अमेरिकनांचा भाग मोठा आहे, कारण संख्येने तेच सर्वाधिक आहेत. व्यक्तिनामे स्पॅनिश उच्चारानुसार दिली आहेत, उदा., होसे, हाइमे. (अमेरिकी शाळेच्या हजेरीपटावर होसेचा ‘जो’ होणे ही जुनी तक्रार आहे.)

उगमाचा प्रश्न : या कार्याचा आरंभ कोठे झाला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. आरंभबिंदू म्हणून साधारणपणे तीन दाखले दिले जातात. ‘तयारी’ या शब्दाने आपल्याला काय अभिप्रेत आहे, यावर त्यांतील निवड ठरते.

पहिला दाखला दक्षिण कॅलिफोर्नियाचा आहे. वाय. एम. सी. ए. या संस्थेने १९३४ च्या सुमारास मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या परिषदा भरविण्यास सुरुवात केली. त्यांतून पुढे ‘मेक्सिकन अमेरिकन मूव्हमेंट’ ही संघटना उभी राहिली. तिचे मुखपत्र १९३८ मध्ये निघाले. शिकलात तरच वर याल, हा त्याचा सूर होता. हे तरुण स्वतः महाविद्यालयात शिकत होते किंवा नुकतेच शिकून बाहेर पडले होते, म्हणून काही इतिहासकार त्यांना या परंपरेचे आद्य मानतात. मात्र त्यांचा भर उपदेशावर होता. शाळेच्या रचनेला त्यांनी फारसा हात घातला नाही.

दुसरा दाखला टेक्सासचा. उपाहारगृहाच्या व्यवसायातून पुढे आलेले ह्यूस्टनचे फेलिक्स तिहेरिना लूलॅक या लॅटिन अमेरिकी वंशाच्या नागरिकांच्या संघटनेचे (स्थापना १९२९, कॉर्पस क्रिस्टी) राष्ट्रीय अध्यक्ष असताना १९५७ च्या उन्हाळ्यात गनेडो या छोट्या गावी एक वर्ग सुरू झाला. शिकविणारी मुलगी १७ वर्षांची होती, इसाबेल व्हर्व्हर. पहिलीत जाण्यापूर्वी मुलांना ४०० इंग्रजी शब्द शिकवावेत, म्हणजे ती पहिलीतच वर्षानुवर्षे अडकणार नाहीत, एवढी साधी कल्पना होती. त्यावरूनच ‘चारशेंची छोटी शाळा’ हे नाव पडले. या वर्गांच्या यशामुळे १९५९ मध्ये टेक्सास विधिमंडळाने अशा पूर्वप्राथमिक वर्गांसाठी कायदा केला. १९६५ च्या ‘हेड स्टार्ट’ या गरीब घरांतील बालकांसाठीच्या राष्ट्रीय पूर्वप्राथमिक योजनेचे बीज याच शाळांत आहे, असे लूलॅकच्या परंपरेत अभिमानाने सांगितले जाते. काळाच्या क्रमाने हे शक्य आहे. तथापि हेड स्टार्टच्या उभारणीत बालमानसशास्त्रज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांचाही मोठा हात होता, त्यामुळे ‘बीज’ऐवजी ‘एक पूर्वसूरी’ म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल. या वर्गांवर नंतरच्या पिढीने केलेली टीकाही ध्यानात घ्यावी लागते. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने शाळेत इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकविण्यास मनाई होती आणि ती १९६९ पर्यंत टिकली. आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसत. अशा वेळी चारशे इंग्रजी शब्दांची शिदोरी देणे म्हणजे मुलाला शाळेजोगे घडविणे होते. शाळेने मुलाजोगे व्हावे, हा विचार अजून यायचा होता.

तिसरा दाखला न्यूयॉर्कचा. मूळच्या प्वेर्तो रिकोच्या समाजकार्यकर्त्या अँतोनिआ पांतोहा यांनी १९६१ मध्ये ‘आस्पिरा’ ही संस्था स्थापन केली. स्पॅनिशमध्ये आस्पिरार म्हणजे आकांक्षा धरणे. आस्पिरा हे त्याचे आज्ञार्थी रूप. माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांची मंडळे, महाविद्यालयांची माहिती, शुल्क व शिष्यवृत्तीविषयी सल्ला, आणि जोडीला प्वेर्तो रिकोच्या इतिहासाची ओळख, हे सर्व येथे प्रथमच एका छत्राखाली आले. आज ‘महाविद्यालयपूर्व तयारी’ म्हणून जे ओळखले जाते त्याच्याशी या संस्थेचे काम सर्वांत जुळते, म्हणून हा तिसरा दाखला प्रस्तुत नोंदीत ग्राह्य मानला आहे. द्विभाषिक शिक्षणासाठी आस्पिराने न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळावर भरलेल्या दाव्यात १९७४ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. पांतोहा यांना १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले.

न्यायालये व रस्ता : मेक्सिकन मुलांसाठीच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा लढा याआधीचा आहे. सान दिएगोजवळच्या लेमन ग्रोव्ह येथे जानेवारी १९३१ मध्ये मुख्याध्यापकाने मेक्सिकन मुलांना दारातच अडवून नव्या इमारतीकडे पिटाळले. पालक तिला ‘काबाय्येरिसा’ (तबेला) म्हणत. मुलांना तेथे न पाठविता पालक न्यायालयात गेले व त्याच वर्षी जिंकले. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज परगण्यातील चार शालेय जिल्ह्यांविरुद्ध (सार्वजनिक शाळा चालविणाऱ्या स्थानिक मंडळांविरुद्ध) गोन्सालो व फेलिसितास मेंदेस आणि इतर कुटुंबांनी लढविलेला दावा १९४६ मध्ये यशस्वी झाला, आणि १९४७ मध्ये अपिलातही टिकला. शाळांतील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरविणाऱ्या ब्राउन खटल्याच्या (१९५४) सात वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

दार उघडले तरी आत गेल्यावर कोणत्या वर्गात बसवायचे हे शाळाच ठरवीत असे. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. हुशार मुलांनाही सुतारकाम, वाहनदुरुस्ती, टंकलेखन अशा वर्गांकडे वळविले जाई; समुपदेशक महाविद्यालयाचे नावही काढीत नसत. लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्त्रो विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्यासह १३ जणांवर कटाचे आरोप ठेवण्यात आले. ते पुढे रद्द झाले.

विषयसाखळी : बाहेरून पाहणाऱ्याला या प्रश्नाचा सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत निर्णायक भाग म्हणजे विषयांची निवड. अमेरिकी हायस्कूलचा दाखला मिळाला म्हणजे विद्यापीठात अर्ज करण्याची पात्रता आली, असे नाही. कॅलिफोर्नियाच्या दोन्ही राज्य-विद्यापीठांसाठी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया व कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) ‘ए ते जी’ अशा सात गटांतील वर्षभराचे १५ अभ्यासक्रम लागतात : इतिहास व समाजशास्त्रे २, इंग्रजी ४, गणित ३, प्रयोगशाळेसह विज्ञान २, इंग्रजीखेरीज भाषा २, कला १, ऐच्छिक १. राज्याच्या किमान दाखल्याला मात्र इंग्रजीची तीन व गणिताची दोन वर्षे पुरतात. शिवाय ‘डी’ श्रेणीत उत्तीर्ण झालेला विषय दाखल्यासाठी चालतो, विद्यापीठासाठी किमान ‘सी’ लागते. अशा रीतीने चार वर्षे नियमित शाळेत जाऊन, कशातही नापास न होता, विद्यार्थी अपात्र ठरू शकतो, आणि बारावीच्या हिवाळ्यापर्यंत त्याच्या घरी कोणाला याचा पत्ताही नसतो. आईवडील स्वतः महाविद्यालयात गेले असतील, तर आठवीतच बीजगणिताची चौकशी होते. इतरांसाठी ती चौकशी शाळेतील कोणीतरी करावी लागते. लॉस एंजेलिसच्या शालेय जिल्ह्याने २००५ मध्ये ही १५ विषयांची साखळी सर्वांना अनिवार्य करण्याचे ठरविले. पुढे ‘सी’ची अट जाचक होऊ लागली, तेव्हा २०१५ मध्ये ‘डी’ चालेल असा निर्णय झाला. दाखले वाचले, पण विद्यापीठाची अट होती तेथेच राहिली. भाषेच्या रकान्यात मात्र या मुलांची बाजू वरचढ असते. घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी खास वर्ग असतील, तर ती अट सहज पुरी होते.

साखळी खालून बांधावी लागते याचे प्रसिद्ध उदाहरण पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूलचे. बोलिव्हियातील ला पास येथे जन्मलेले हाइमे एस्कालांते (१९३०–२०१०) यांनी तेथे कलनशास्त्राचा वर्ग उभा केला. १९८२ मध्ये महाविद्यालयीन दर्जाच्या (ए. पी.) परीक्षेस बसलेले त्यांचे १८ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. परीक्षामंडळाने १४ जणांवर संशय घेतला. १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली व सर्व उत्तीर्ण झाले. ही कथा एका वर्षाच्या चमत्काराप्रमाणे सांगितली जाते, ते बरोबर नाही. एस्कालांते तेथे १९७४ पासून होते. खालच्या इयत्तांचे गणित सुधारणे, शेजारच्या महाविद्यालयात उन्हाळी वर्ग चालविणे यांत कित्येक वर्षे गेली होती.

प्रमुख कार्यक्रम : संघशासनाचा ‘अपवर्ड बाउंड’ हा कार्यक्रम १९६४ च्या दारिद्र्यनिर्मूलन कायद्यातून निघाला; तो वंशावर आधारलेला नाही, उत्पन्न व आईवडिलांचे शिक्षण या कसोट्यांवर चालतो. शेतमजुरांच्या मुलांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात आधार देणारा ‘कॅम्प’ १९७२ पासून आहे. ‘गिअर अप’ (१९९८) एखाद्या इयत्तेची संपूर्ण तुकडी सातवीपासून हाती घेतो. सान दिएगोच्या क्लेअरमाँट हायस्कूलमध्ये मेरी कॅथरिन स्वॉन्सन या इंग्रजीच्या शिक्षिकेने १९८० मध्ये सुरू केलेला ‘अव्हिड’ मधल्या गुणांच्या विद्यार्थ्यांना कठीण वर्गांत बसवितो आणि टिपणे काढण्यापासून सर्व काही शिकवितो.

खास लॅटिनो विद्यार्थ्यांसाठी घडविलेला ‘प्वेंते’ (पूल) प्रकल्प १९८१ मध्ये हेवर्डच्या शाबो महाविद्यालयात सुरू झाला. समुपदेशक फेलिक्स गालाविस व इंग्रजीच्या प्राध्यापिका पॅट्रिशिया मॅक्ग्रा यांनी दोन हजार लॅटिनो विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका चाळल्या. विद्यार्थी समुपदेशकाकडे फिरकत नाहीत, महाविद्यालयीन दर्जाच्या लेखनाचा वर्ग टाळतात आणि घरातून महाविद्यालयात येणारे ते पहिलेच असतात, असे त्यांना आढळले. त्यावरून लेखन, समुपदेशन व समाजातील मार्गदर्शक अशी तीन अंगे ठरली. १९९३ पासून तो हायस्कुलांतही आहे.

कुटुंब : स्पॅनिशमधील ‘एदुकासिओन’ हा शब्द शाळेच्या शिक्षणापुरता नाही. ‘बिएन एदुकादो’ मूल म्हणजे वडीलधाऱ्यांशी अदबीने वागणारे, वळण लागलेले मूल. मराठी वाचकाला येथे ‘संस्कार’ हा शब्द आठवेल. आईवडील शाळेच्या सभेला येत नाहीत म्हणजे त्यांना शिक्षणाची आस्था नाही, हा शिक्षकांचा जुना समज या अर्थभेदातून बराचसा उलगडतो : वळण लावणे आपले काम आणि विषय शिकविणे शिक्षकाचे, त्यात लुडबुड करू नये, अशी त्यांची धारणा असते. ॲरिझोनातील टूसॉन येथे शिक्षणतज्ज्ञ लुइस मोल व सहकाऱ्यांनी शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या घरी पाठविले आणि शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, सीमेपलीकडचा व्यापार यांतील घरगुती ज्ञान वर्गात आणले. १९९२ मध्ये मांडलेली ‘ज्ञाननिधी’ ही त्यांची संकल्पना आज शिक्षक-प्रशिक्षणात रुळली आहे. तिचा परीक्षांच्या निकालांवर होणारा परिणाम मोजणे मात्र अवघड आहे.

मोजमापाचे वाद : गळतीचे आकडे जपून वाचावेत. २००० मध्ये १६ ते २४ वयोगटातील लॅटिनोंचे गळतीचे प्रमाण २७.८ टक्के होते. या मोजणीत शाळेत नसलेला व दाखला नसलेला प्रत्येक जण धरला जातो. म्हणजे कामासाठी सोळाव्या वर्षी आलेला, अमेरिकी शाळेत कधी पाऊलही न टाकलेला मजूर येथे ‘गळालेला’ ठरतो. त्यानंतर हे प्रमाण खूप घटले, त्यात शाळांचे श्रेय किती आणि स्थलांतर ओसरल्याचा भाग किती, हे वेगळे करावे लागते.

कार्यक्रमांच्या परिणामांविषयीही मतभेद आहेत. अपवर्ड बाउंडच्या दीर्घ पाहणीत, २००९ च्या अहवालानुसार, महाविद्यालय-प्रवेशावर एकूण परिणाम दिसला नाही. मूळच्या अपेक्षा कमी असलेल्या विद्यार्थ्यांना मात्र लाभ झाला. नमुन्यातील एकाच प्रकल्पाला अवास्तव भार दिल्याने निष्कर्ष बिघडला, असा आक्षेप पुनर्विश्लेषण करणाऱ्यांनी घेतला. तो सांख्यिकीदृष्ट्या वजनदार वाटतो. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाच्या ‘असॅप’ (२००७) योजनेचा पुरावा अधिक निःसंदिग्ध आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना करता, तीन वर्षांत पदविका मिळविणाऱ्यांचे प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर गेले. ही योजना केवळ लॅटिनोंसाठी नाही, पण तिच्या विद्यार्थ्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. तिचा भर प्रेरणादायी भाषणांवर नाही. पूर्णवेळ शिक्षणाची अट, थोड्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला सल्लागार, पुस्तके आणि भुयारी रेल्वेचा पास हे तिचे घटक.

कागदपत्रे व कायदा : टेक्सासमधील टायलर येथील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये देशात अधिकृतपणे राहण्याची कागदपत्रे नसलेल्या मुलांचा शालेय शिक्षणाचा हक्क मान्य केला. तो बारावीपर्यंतच आहे. महाविद्यालयात अशा विद्यार्थ्यांना स्थानिक दराने शुल्क आकारण्याचा कायदा प्रथम टेक्सासने २००१ मध्ये केला. पाठोपाठ त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने. टेक्सासची सवलत जून २०२५ मध्ये न्यायालयीन आदेशाने संपली. विद्यार्थी नागरिक, पण आई वा वडील कागदपत्रांविना, अशी घरेही बरीच आहेत. २०२४–२५ चा सुधारलेला आर्थिक साहाय्याचा अर्ज खुला झाला, तेव्हा सामाजिक सुरक्षा क्रमांक नसलेल्या पालकांना तो ऑनलाइन पुरा करता येत नव्हता.

पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या हिशेबाने मोजता किमान २५ टक्के पदवीपूर्व विद्यार्थी लॅटिनो असलेल्या संस्थांना अनुदान देण्याची तरतूद १९९२ मध्ये झाली व १९९८ मध्ये तिला उच्च शिक्षण कायद्यात स्वतंत्र प्रकरण मिळाले. या २५ टक्क्यांच्या कसोटीलाच २०२५ मध्ये टेनेसी राज्याने न्यायालयात आव्हान दिले, आणि त्याच वर्षी शिक्षण खात्याने या अनुदानांचा स्वेच्छाधीन भाग थांबविल्याचे जाहीर केले.

आदिवासी भाषांचे विद्यार्थी : ग्वातेमालातून आलेल्या अनेक मुलांची घरची भाषा माम किंवा कीचे असते, मेक्सिकोतील ओआहाकाहून आलेल्यांची मिश्तेको. शाळेच्या नोंदीत ती बहुधा स्पॅनिशभाषक म्हणून येतात, आणि पालकसभेत त्यांच्या आईवडिलांना दुभाषी मिळतो तोही स्पॅनिशचा.