रात्री सर्व्हर बंद, म्हणजे बिल शून्य?

‘रात्री आठला क्लाउडवर भाड्याने घेतलेले सर्व्हर आपोआप बंद करणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लावली की रात्रीचं बिल शून्य’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो फार तर अर्धा खरा आहे.

मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर या क्लाउडमध्ये तो सगळ्यात जास्त फसवतो. मशीनच्या, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरच्या, आत शिरून लिनक्सला शटडाउन सांगितलं, तर मशीन नुसती ‘स्टॉप्ड’ होते. हार्डवेअर तुमच्याच नावावर राखलेलं राहतं आणि मीटर पळत राहतं. स्क्रिप्टमध्ये ‘डीअलोकेट’ (राखलेलं हार्डवेअर सोडून देणं) हवं. एडब्ल्यूएस या अॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या ईसीटू या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या सेवेत स्टॉप केल्यावर मशीनचे तास थांबतात, पण मशीनला जोडलेल्या, डेटा साठवणाऱ्या ईबीएस डिस्कचं भाडं चालूच. खोलीला कुलूप लावून गावी गेलात म्हणून घरमालक भाडं सोडतो का? इलास्टिक आयपी (आपल्या नावावर राखलेला स्थिर इंटरनेट पत्ता) धरून ठेवला असेल, तर त्याचे तासाला 0.005 डॉलर वेगळे. आरडीएस या एडब्ल्यूएसच्याच सेवेतला डेटाबेस तर खट्याळच: बंद केलात, तरी 7 दिवसांनी आपोआप उठून बसतो. म्हणून स्क्रिप्ट रोज चालायला हवी.

आणि घड्याळ! इव्हेंटब्रिज या एडब्ल्यूएसच्या सेवेच्या नियमांतलं क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारं वेळापत्रक) यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मानतं. आपले रात्रीचे 8 म्हणजे तिथे 14:30. तिथे 20 लिहिलंत, तर मशीन पहाटे दीडला झोपेल.

बचत होतेच. सोमवार ते शुक्रवार 12-12 तास चालवलं, तर आठवड्याच्या 168 तासांपैकी 60 तासांचेच पैसे. मात्र रिझर्व्ह्ड इन्स्टन्स (ठरावीक मुदतीसाठी सवलतीत बांधून घेतलेली मशीन) घेतली असेल, तर बंद ठेवूनही तेवढेच पैसे जातात.