व्हिडिओ गेममधील श्रद्धा

व्हिडिओ गेममधील श्रद्धा : देव, धर्म, पाप-पुण्य, प्रार्थना आणि संशय हे विषय व्हिडिओ गेममध्ये कसे हाताळले जातात, याविषयीची नोंद. देवळे, पुजारी, दैवी शस्त्रे यांची गेममध्ये कधीच वाण नव्हती. पण त्यांतली बहुतेक सजावटीपुरती असतात. पुजाऱ्याकडे गेले की जखमा भरतात, देवळात शिरले की एखादे शस्त्र हाती लागते, एवढाच त्यांचा उपयोग. श्रद्धेचा खरोखर विचार करणारे गेम थोडे आहेत, आणि ते हा विचार चित्रांपेक्षा नियमांतून करतात : खेळाडूला काय करता येते, कशाबद्दल गुण मिळतात, कुठे त्याचे काहीच चालत नाही. गेममधली प्रत्येक गोष्ट आत कुठेतरी आकड्यात साठवलेली असते. त्यामुळे श्रद्धा मोजायची का, आणि मोजली की तिचे काय होते, हा प्रश्न कर्त्याला टाळता येत नाही.

ब्रिटिश गेमकर्ते पीटर मॉलिन्यू यांच्या ‘पॉप्युलस’ने (१९८९) तो सरळ व्यवहाराने सोडवला. इथे खेळाडू स्वतःच देव असतो. भक्त वाढले, त्यांची वस्ती भरभराटली की त्याची शक्ती वाढते; त्या शक्तीवर भूकंप, पूर, ज्वालामुखी घडवून दुसऱ्या देवाचे भक्त संपवायचे. ‘गॉड गेम’ हा प्रकार इथून रूढ झाला. भक्तांच्या मनात काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

त्याच्या चार वर्षे आधी आलेला अमेरिकी गेमकर्ते रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ (१९८५) मात्र आजही या विषयातला पायाचा गेम मानावा लागतो. आधीच्या भागांत खेळाडू लुटालूट करून, वाटेत येईल त्याला मारून जिंकू शकत असे. पालकांची पत्रे येऊ लागली, तेव्हा आपला गेम कोणत्या वागणुकीला बक्षीस देतो आहे, याचा विचार गॅरियट करू लागले. चौथ्या भागात शेवटी मारायचा खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता या आठ सद्गुणांत पूर्णत्व मिळवून अवतारपदाला पोचणे, हेच उद्दिष्ट. ध्यानस्थळांवर जाऊन मंत्र जपावा लागतो. अध्यात्माच्या स्थळाचा मंत्र ‘ओम’ आहे. पण खरी परीक्षा बाजारात होते. जादूची औषधी विकणारी बाई आंधळी आहे, किती नाणी दिली हे खेळाडूच सांगतो, आणि तिला फसवता येते. त्या क्षणी काहीही बिघडत नाही, सामान स्वस्तात मिळते. प्रामाणिकपणा मात्र आतल्या आत घटतो. भिकाऱ्याला दिलेले दान, पळणाऱ्या प्राण्याला दिलेले जीवदान, दुसऱ्याच्या पेटीला लावलेला हात, सगळ्याची नोंद होते, पण आकडे पडद्यावर येत नाहीत. हॉकविंड नावाचा द्रष्टा विचारल्यावर प्रगती सांगतो, तीही शब्दांत. पुण्य मोजायचे, पण करणाऱ्याला हिशेब दाखवायचा नाही, ही युक्ती इतकी नेमकी आहे की पुढच्या अनेक गेममधले चांगले-वाईटाचे उघडे काटे तिच्यापुढे बाळबोध वाटतात.

जपानी ‘फायनल फँटसी १०’ने (२००१) धर्मसंस्थेकडे पाहिले. स्पिरा या जगात ‘सिन’ नावाचा राक्षस गावे उद्ध्वस्त करतो, आणि ही माणसाच्या पापाची शिक्षा आहे असे येव्हॉन पंथ शिकवतो. युना ही तरुणी मंदिरामागून मंदिर करत तीर्थयात्रेला निघते. यात्रेच्या शेवटी तिने प्राण द्यायचे, बदल्यात लोकांना काही वर्षे शांतता. सिन पुन्हा पुन्हा परततो आणि हे चक्र पंथाच्या सत्तेला सोयीचे आहे, हे कळल्यावर ती बलिदान नाकारते, लोकांना वाचवण्याचा संकल्प सोडत नाही. पंथ खोटा ठरला म्हणून यात्रेकरू खोटा ठरत नाही, हे गेमने नीट सांभाळले आहे.

‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) अमेरिकेतील रायन आणि एमी ग्रीन या ख्रिस्ती दांपत्याने केला. त्यांचा मुलगा जोएल याला वर्षाचा असताना मेंदूचा कर्करोग झाला. मार्च २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो गेला. रुग्णालयातल्या एका प्रसंगात जोएल रडतो आहे. खेळाडू खोलीतल्या वस्तू धुंडाळतो, त्याला पाणी पाजू पाहतो, कडेवर घेतो. रडे थांबत नाही. एरवी गेममध्ये प्रत्येक अडचणीला उपाय असतोच, इथे नाही. शेवटी बाप प्रार्थना करतो. आईचा ठाम विश्वास आणि बापाचा संशय दोन्ही गेममध्ये आहेत, कोणाच्याही बाजूने निकाल दिलेला नाही. २०१७ मध्ये या गेमला नावीन्यासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

‘इंडिका’ (२०२४) हिशेबावरच बोट ठेवतो. तो करणारा ऑड मीटर हा स्टुडिओ मूळचा मॉस्कोचा. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर तो कझाकस्तानात गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या रशियातील इंडिका ही ख्रिस्ती मठातली जोगीण सैतानाचा आवाज ऐकते. सुरुवातीला तिला विहिरीतून बादलीबादलीने पाणी आणायला लावतात. कंटाळा येईपर्यंत खेळाडू ते करतो, आणि मग वृद्ध जोगीण ते जमिनीवर ओतून देते. मेणबत्ती लावली, पूजेचे चित्र (आयकॉन) सापडले की गुण मिळतात. गुण साठवून नवी कौशल्ये घेता येतात, त्यांनी आणखी गुण मिळतात, एवढेच. गुणांचा काही उपयोग नाही, असे गेम स्वतःच सांगतो, तरी खेळाडू ते गोळा करत राहतो. कर्मकांडावर इतकी थेट टीका एखाद्या निबंधाला जमली नसती, कारण इथे कर्मकांड वाचकाने नव्हे, खेळणाऱ्याने स्वतः केलेले असते.

श्रद्धा दुखावल्याचे वादही झाले. ‘रेझिस्टन्स : फॉल ऑफ मॅन’मधील गोळीबार मँचेस्टर कॅथीड्रलमध्ये घडतो म्हणून २००७ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आक्षेप घेतला आणि सोनीने माफी मागितली. ‘लिटल बिग प्लॅनेट’च्या एका गाण्यात कुराणातील शब्द असल्याचे लक्षात आल्यावर २००८ मध्ये त्याचे प्रकाशन पुढे ढकलले गेले. भारतात तयार झालेल्या ‘हनुमान : बॉय वॉरियर’वर (२००९) अमेरिकेतील हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांचा आक्षेप वेगळ्या जातीचा होता : उपास्य देवाला खेळाडूने बटणांनी नाचवावे का? हा प्रश्न गंभीर आहे. पुतळा किंवा चित्र पाहणारा देवाला हलवत नाही, गेम खेळणारा हलवतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’मध्ये (२०२०) हा पेच उद्भवत नाही. खेळाडूच्या हाती राजी ही माणसाची मुलगी आहे, राक्षसाने पळवलेल्या भावाला शोधणारी. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून तिची कथा उलगडते. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांचे प्रसंग यांमुळे ही पुराणसृष्टी उसनी वाटत नाही. देवाची कृपा मात्र इथेही त्रिशूळ, धनुष्य आणि वाढीव शक्ती अशाच रूपात येते. राजीचा विश्वास कधी डळमळतो का, यात गेम फारसा शिरत नाही.